वेध आणि गणित

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पवारांच्या या संस्थानांत मराठी भाषा पिढ्यान् पिढ्या नांदली. परंतु धारची कीर्ती पवारांहून पुष्कळ जुनी आहे. भोजराजाच्या नावावर असलेला ‘राजमृगांक’ हा करणग्रंथ शके ९६४, म्हणजे इ. स. १०४२ चा. जुन्या सिद्धांतावरून काढलेली ग्रहस्थाने आकाशाशी जुळेनाशी झाली, तेव्हा या ग्रंथाने गणितालाच बीजसंस्कार दिला. आपल्या कोकणातील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात अशा संस्कारांचा इतिहास साक्षेपाने नोंदवून ठेवला. वेधाशी जे जुळत नाही ते गणित, कितीही पूज्य असले तरी, दुरुस्त केले पाहिजे, हे त्याचे सार होय.

हे सार आजच्या अंतराळयानांनाही तंतोतंत लागू पडते. पृथ्वीलगत फिरणारा उपग्रह सुमारे दीड तासात एक फेरी पूर्ण करतो आणि त्यांपैकी अर्ध्या तासाहून अधिक काळ तो पृथ्वीच्या छायेत असू शकतो. ती छाया किती वेळ टिकेल यावर बॅटरी किती मोठी हवी हे ठरते. बॅटरीवरून सौरपट्ट्यांचा आकार आणि त्यावरून यानाचे वजन ठरते. अर्थात कक्षेचा एक आकडा बदलला की सगळ्या यानाचा आराखडा बदलतो. म्हणूनच कक्षेची माहिती आणि संगणकावरील प्रतिरूप-चाचणी यांची थेट सांगड घातली गेली पाहिजे. एका विभागाने आकडे कागदावर द्यावेत आणि दुसऱ्याने ते उतरवून घ्यावेत, ही रीत धोक्याची आहे.

ती किती महाग पडते हे १९९९ साली अमेरिकेला कळले. मंगळाकडे धाडलेल्या यानाच्या इंजिनांचा रेटा एका संगणक-प्रणालीने पौंडांत मोजला आणि मार्ग आखणाऱ्यांनी तो न्यूटनमध्ये आहे असे धरले. यान नियोजित उंचीपेक्षा फार खाली गेले आणि नष्ट झाले. गणित दोन्हीकडे बरोबर होते. चूक होती ती जोडणीत.

आपला अनुभवही बोलका आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी ‘विक्रम’ चंद्रावर आदळले. इंजिनांचा रेटा अपेक्षेहून अधिक निघाला, चुका साचत गेल्या आणि पाचशे मीटरच्या चौकोनात उतरण्याच्या अटीने यानाची कोंडी केली. परंतु चांद्रयान-२ चे कक्षायान चंद्राभोवती फिरतच राहिले. त्याने टिपलेल्या बारीक छायाचित्रांचा उपयोग करून पुढच्या खेपेस चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटरच्या आसपास रुंद अशी जागा निवडण्यात आली. काय काय बिघडू शकेल हे आधी धरून आराखडा आणि चाचण्या बेतल्या गेल्या. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुखरूप उतरले. अपयशाच्या वेधाने गणिताला दिलेला तो बीजसंस्कारच होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

या यशाचा गौरव पुष्कळ झाला. त्यातील शिस्त मात्र आमच्या महाविद्यालयांत अद्याप पुरेशी रुजलेली दिसत नाही. उपग्रहांच्या कक्षांचे आकडे आज कोणालाही मिळू शकतात. इस्रोने चांद्रयान-२ ची माहिती अभ्यासकांना खुली केली आहे. अमेरिकेच्या नासाने कक्षा-गणिताची प्रणाली विनामूल्य ठेवली आहे. तेव्हा देवासच्या किंवा रत्नागिरीच्या विद्यार्थ्याने या दोहोंची सांगड घालून छोट्या उपग्रहाचा आराखडा का करू नये? अडचण पैशाची फारशी नाही. अभ्यासक्रमाची आणि भाषेची आहे. विद्यापीठांनी हा विषय प्रात्यक्षिकात आणावा, त्याची पाठ्यपुस्तके मराठीतही सिद्ध करावीत आणि प्रत्येक आकड्यासोबत त्याचे परिमाण व वेळ लिहिण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावावी.

भोजराजाचे नाव भाषणांत घेणे सोपे आहे. आपले गणित आकाशापुढे तपासून घेण्याची तयारी ठेवणे अवघड आहे; पण त्या वारशाचा खरा मान त्यातच आहे.