द्राक्षाची तपासणी होते, हवेची कोण करणार?

ऑक्टोबरमधली गोडी छाटणी उरकली की नारायणगाव, गोळेगाव, येडगाव या पट्ट्यात फवारण्यांचा हंगाम सुरू होतो आणि घड तोडणीला येईपर्यंत तो थांबत नाही. डाउनी, भुरी, करपा, मग पुन्हा डाउनी. पाऊस लांबला किंवा पहाटे धुके पडले की दोन फवारण्यांमधले अंतर आणखी कमी होते. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर बटाटा, मंचरच्या बाजूला कांदा आणि तरकारी. तिथे पाठीवरचा पंप असतो. फवाऱ्यात कोणते औषध आहे ते बाटलीवर लिहिलेले असते. पण फवारा विरल्यानंतर हवेत काय उरते, किती उरते आणि किती वेळ उरते, हे मोजणारी नियमित सरकारी व्यवस्था गावांसाठी नाही.

फळाची गोष्ट वेगळी आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षात, ज्या रसायनाला स्वतंत्र मर्यादा ठरवून दिलेली नाही, त्याचा अंश किलोमागे 0.01 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे 100 टन द्राक्षांत 1 ग्रॅम. एवढा अंश शोधण्याचे तंत्र पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील संदर्भ प्रयोगशाळेत आहे, आणि निर्यातीच्या प्रत्येक हंगामात ते वापरले जाते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली होती. बागायतदारांना तो फटका अजून आठवतो. त्यानंतर तपासायच्या रसायनांची यादी वाढली आणि शिस्तही आली. खाणाऱ्याच्या पोटात काय जाते याचा हिशेब त्यामुळे चोख झाला. फवारणाऱ्याच्या श्वासात काय जाते, याचा हिशेब सुरूच झालेला नाही.

अडचण यंत्राची असेल, असे सहज वाटते. तशी ती नाही. फळातला अंश शोधणारे गॅस क्रोमॅटोग्राफ हे यंत्र हवेतलाही शोधते. त्याचे तत्त्व समजायला सोपे आहे. केसासारखी बारीक, साधारण 30 मीटर लांबीची एक नळी वेटोळे करून भट्टीत ठेवलेली असते. नळीला आतून एक पातळ लेप असतो. नमुन्याची वाफ करून ती हेलियम किंवा नायट्रोजनच्या झोतात नळीत सोडतात. काही रेणू त्या लेपाला जास्त चिकटतात, काही कमी. वारीत सगळे एकत्र निघाले तरी दर मुक्कामाला रेंगाळणारे मागे पडतात, तसे एकत्र शिरलेले रेणू दुसऱ्या टोकाला वेगवेगळ्या वेळी पोचतात. कोण किती मिनिटांनी बाहेर आला यावरून तो कोण असावा याचा अंदाज येतो. पुढे जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर त्या रेणूचे तुकडे करून त्यांचे वजन करतो, आणि मग ओळख पक्की होते.

हे तंत्र 1952 पासून वापरात आहे. कीटकनाशकांच्या बाबतीत त्याला खरी धार आली ती 1957 मध्ये, जेम्स लव्हलॉक यांनी क्लोरीनयुक्त रेणूंचा अत्यल्प अंशही पकडणारा शोधक बनवला तेव्हा. डीडीटीसारख्या औषधांचा माग अन्नात, पाण्यात आणि प्राण्यांच्या चरबीत काढता आला तो या शोधकामुळे. 

अवरक्त प्रकाशाची रीत वेगळी. रेणूतील अणूंमधले बंध सतत कंप पावत असतात आणि आपल्या कंपनाला जुळणारा अवरक्त प्रकाश शोषून घेतात. प्रत्येक वायूची ही शोषणाची नक्षी ठरलेली असते. जुन्नरकरांना ही कल्पना नवी वाटू नये. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या 30 अँटेना दूरच्या दीर्घिकांमधला हायड्रोजन ओळखतात तो त्याच्या ठरलेल्या रेडिओ लहरीवरूनच. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञाच्या पडद्यावर रुग्णाच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची जी रेघ वरखाली होते, तीही अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरूनच काढलेली असते. या रीतीत नमुना प्रयोगशाळेत न्यावा लागत नाही, उत्तर जागेवर आणि क्षणात मिळते, हा तिचा मोठा फायदा. हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन अवरक्त प्रकाश शोषत नसल्याने परका वायू उठून दिसतो.

मर्यादाही आहेत. पाण्याची वाफ अवरक्त प्रकाश भरपूर शोषते, त्यामुळे दमट हवेत वाचन गोंधळते. क्लोरीनचा रेणू दोन सारख्या अणूंचा असल्याने तो या प्रकाशाला दिसतच नाही. पाणी शुद्धीकरण केंद्रावर सिलिंडर गळला तर हे यंत्र गप्प बसेल. आणि फवारणीनंतर काही तासांनी हवेत उरणारा कीटकनाशकाचा अंश इतका अल्प असतो की अवरक्त यंत्राच्या तो हाती लागत नाही. तिथे क्रोमॅटोग्राफच हवा. त्यालाही सगळे जमत नाही. उष्णतेने मोडणाऱ्या किंवा सहज वाफ न होणाऱ्या कित्येक नव्या औषधांसाठी द्रव क्रोमॅटोग्राफी लागते. एकच यंत्र आणून प्रश्न सुटेल असे कोणी सांगत असेल तर ते ऐकून सोडून द्यावे.

देशाच्या हवेच्या नियमांत या दोन्ही पद्धती आधीच आहेत. 2009 च्या राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत 12 प्रदूषके आहेत. त्यांतील कार्बन मोनॉक्साइड अवरक्त पद्धतीने आणि बेंझिन गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजावे, असे त्याच अधिसूचनेत म्हटले आहे. या बारांत एकही कीटकनाशक नाही. 2019 मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम पुण्यासह शहरांसाठी आहे. खेड्यातली हवा स्वच्छच असणार, हे जणू आधीच गृहीत धरलेले आहे.

ते गृहीतक किती महाग पडते हे 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळने पाहिले. डोक्याइतक्या उंच वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने आजारी पडले, वीसहून अधिक दगावले. द्राक्षाच्या मांडवाखालीही फवारा वर मारला जातो आणि थेंब डोक्याखांद्यांवर पडतात. तरीही जुन्नरमध्ये यवतमाळ होईल असे म्हणणे घाईचे ठरेल. पीक वेगळे, औषधे वेगळी, ट्रॅक्टरवरचे ब्लोअरही आता बरेच. मात्र मोजमाप नसताना ‘इथे तसे काही नाही’ असे म्हणणेही तितकेच घाईचे आहे.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ऑर्गनोफॉस्फेटची तीव्र विषबाधा ओळखायला क्रोमॅटोग्राफ लागत नाही. बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर, स्नायूंची फडफड, मंद नाडी: एवढ्यावर अॅट्रोपिन सुरू करायचे असते, अहवालाची वाट पाहायची नसते. अहवाल येईपर्यंत रुग्ण एक तर घरी गेलेला असतो किंवा हातचा गेलेला असतो.

यंत्राची गरज आहे ती इतर रुग्णांसाठी. डोके दुखते, मळमळते, डोळे चुरचुरतात, खोकला जात नाही अशा तक्रारी घेऊन हंगामात येणारा मजूर पित्ताच्या गोळ्या घेऊन परत जातो. द्राक्षबागेत तर एक खास घोटाळा आहे. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे रसायन शरीरात दारू पचवणाऱ्या एका विकराला अडवते. दिवसभर काडीला पेस्ट लावून संध्याकाळी थोडी जरी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. आणलेल्या माणसाच्या तोंडाला वास येत असतो, त्यामुळे ‘जास्त झाली’ एवढेच निदान होते. कोलिनेस्टरेजची तपासणी केली तरी ती यात काही दाखवत नाही. दिवसा काय काम केले, एवढा एक प्रश्न विचारला तर उलगडा होतो. युरोपीय संघाने 2008 मध्ये या रसायनाला मान्यता नाकारली, तीही प्रामुख्याने ते हाताळणाऱ्यांच्या सुरक्षेच्या चिंतेतून.

कायद्यात तरतूद नाही असे नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार ही रसायने हाताळणाऱ्या कामगारांची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी आणि ऑर्गनोफॉस्फेट वापरणाऱ्यांची कोलिनेस्टरेज चाचणी व्हायला हवी. आदिवासी पट्ट्यातून नारायणगावला येणारा, सकाळी एका बागेत आणि दुपारी दुसऱ्या बागेत असणारा रोजंदारीचा माणूस या नियमात नेमका कोणाचा कामगार ठरतो? त्याचे नाव ना कारखान्याच्या हजेरीपटावर, ना आरोग्य केंद्राच्या यादीत.

आता ड्रोन आले आहेत. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली, आणि 2023 मध्ये बचत गटांना 15,000 ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. पंप पाठीवरून उतरतो ही त्यातली मोठी चांगली गोष्ट. पण ड्रोन एकरी साधारण 10 लिटर पाण्यात तेवढेच औषध फवारतो, जे पाठीवरच्या पंपाला 150 ते 200 लिटर पाण्यात लागते. थेंब बारीक आणि द्रावण कितीतरी पट तीव्र; वारा असला तर ते शेजारच्या वस्तीपर्यंत जाते. युरोपीय संघाने 2009 पासून आकाशातून फवारणीला सर्वसाधारण बंदी घातली आहे, अपवाद ठेवून. तेवढ्या टोकाला जाण्याची गरज इथे कदाचित नसेल. वाहून किती जाते हे मोजल्याशिवाय मात्र ते ठरवता येणार नाही.

कॅलिफोर्नियात 2011 पासून शेतीभागातील वस्त्यांजवळ कीटकनाशकांसाठी हवेचे नमुने घेतले जातात. रीत साधी आहे. एक छोटा पंप 24 तास ठरलेल्या वेगाने हवा ओढतो, ती राळेच्या दाण्यांनी भरलेल्या नळीतून जाते, रसायन दाण्यांना चिकटते, आणि नळी थंड पेटीतून प्रयोगशाळेत जाते. पट्ट्याला अडकवायचा लहान पंपही मिळतो. त्याची नळी कॉलरला लावली की फवारणाऱ्याच्या नाकाजवळची हवा मोजता येते. मात्र फवारणाऱ्याच्या शरीरात बरेचसे विष त्वचेतून जाते. हवेचा आकडा कमी आला म्हणून हातमोजे काढून ठेवता येणार नाहीत. अंगावर लावलेल्या कापडी पट्ट्यांची तपासणीही सोबत व्हायला हवी.

नारायणगाव ते मांजरी हे अंतर साधारण 80 किलोमीटर आहे. एका हंगामात पाच-सहा बागा, दोन शाळांची आवारे आणि एखादी मजूरवस्ती; फवारणीआधी, फवारणीच्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी असे नमुने; त्याच मजुरांची हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी कोलिनेस्टरेज चाचणी. एवढे काम एका हंगामात होण्यासारखे आहे. खर्च कृषी खात्याचा की आरोग्य खात्याचा की प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, यावर ते अडू शकते. तिघांच्याही कामात ते थोडे थोडे बसते. छाटणीच्या तारखा बागायतदारांना आधीपासून ठाऊक असतात, त्यामुळे पंप कोणत्या दिवशी कुठे लावायचे हे विचारायला कोणी गेलेच, तर उत्तर मिळायला अडचण येणार नाही.