तळमळीला तपासणी हवी

समाजकार्याच्या पदव्युत्तर (एमएसडब्ल्यू) अभ्यासक्रमातून लघुप्रबंध काढून टाका, असा सूर वारंवार ऐकू येतो. समाजकार्याला तळमळ लागते. मुलांनी वस्तीत राबायचे सोडून प्रश्नावल्या कशाला भरायच्या, असा त्यामागचा युक्तिवाद. त्यात तथ्यांश आहे. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस घाईघाईने प्रश्नावल्या भरायच्या, टक्केवारीचे तक्ते जोडायचे आणि बांधलेला प्रबंध कपाटात टाकायचा, हे शिक्षण नव्हे. पण हा दोष शिकवण्याच्या पद्धतीचा आहे. त्याची शिक्षा संशोधनाला का?

तळमळ आणि अभ्यास यांचे वैर आहे, हे गृहीतकच खोटे आहे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले आणि १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा ग्रंथही त्यांनीच दिला. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले हे दुखणे नुसत्या कळवळ्याला दिसले नसते; बायका ते सोसत होत्या, बोलत नव्हत्या.

दुसरा आक्षेप विद्यापीठांतून येतो: संशोधकाने कामात गुंतू नये, तटस्थता जाते. मग टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांत उभारलेल्या, हिंसाचार सोसणाऱ्या महिलांसाठीच्या विशेष कक्षाचे काय करायचे? हा प्रयोग पुढे राज्य शासनाने स्वीकारला. पोलीस ठाण्यात पीडित स्त्रीशेजारी बसून जे कळते, ते लांबून कळत नाही. संशोधकाची शिस्त अंतर राखण्यात नसते. आपल्याला न आवडणारा पुरावाही नोंदवण्यात असते.

म्हणून लघुप्रबंध क्षेत्रकार्यातूनच उगवला पाहिजे. पहिल्या वर्षापासूनच्या क्षेत्रकार्याच्या नोंदींतून विद्यार्थ्याने प्रश्न शोधावा. प्राध्यापकाबरोबर संस्थेतला अनुभवी कार्यकर्ताही मार्गदर्शक असावा. निष्कर्ष आधी वस्तीत, मराठीत मांडावेत आणि लोकांनी घेतलेले आक्षेप प्रबंधात यावेत. पीएचडीच्या मार्गदर्शकानेही क्षेत्राशी नाते तोडू नये.

डॉक्टरचे चुकलेले औषध आपण खपवून घेत नाही. समाजकार्यातली चुकीची योजनाही माणसांनाच भोगावी लागते. आपल्या कामाने त्यांचे भले झाले की नाही, हे तपासायला न शिकवता कुणाच्या हाती पदवी देणे, हा त्या माणसांवर अन्याय आहे.