वाड्याचा पत्ता

गेल्या हिवाळ्यात पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका माळावर सकाळी सकाळी धनगराच्या वाड्यावर पोचलो. रात्री लांडग्याने वाघूर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, ओलांडून एक कोकरू नेलं होतं. जाळीच्या दोरीला लोकरीचा पुंजका अडकलेला, पलीकडे धुळीत दोन-चार पावलं. बाकी काहीच नाही. सत्तरी ओलांडलेले आबा घोंगडी पांघरून चुलीजवळ बसले होते. भरपाईचा अर्ज केलात का, असं विचारलं. ते म्हणाले, "पंचनामा कशाचा करत्याल, ह्या लोकरीचा? आन् पत्ता काय घालू? आज हितं हाय, परवा जेजुरीच्या अंगाला."

त्यांनी लांडग्याला एक शिवी घातली नाही. मेंढरांमागे हिंडायचं म्हटलं की लांडगा आलाच, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब अजून टिकून आहे म्हणूनच आपल्या माळांवर लांडगा टिकून आहे. सरकारने मात्र या माणसाच्या सहनशीलतेवर फुकटात विसंबून राहायचं ठरवलेलं दिसतं.

नियमाने लांडग्याने मारलेल्या शेळी-मेंढीची भरपाई मिळते. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. ज्याला घर आहे, गोठा आहे, सातबारा आहे, त्याला हे जमतं. पण लांडगा कोकरू उचलून नेतो आणि धनगराचा वाडा दुसऱ्या दिवशी हलतो. उरतं काय, तर दोरीला अडकलेली लोकर. एखाद्या गावात भरपाई न मिळाल्याच्या रागातून लांडग्याच्या बिळात धूर कोंडला जातो किंवा बिळाचं तोंड दगडांनी बुजवलं जातं. आत पिल्लं असतात.

इंग्रजांच्या अमदानीत लांडगा मारणाऱ्याला सरकारातून बक्षीस मिळे. आज तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कागदावर वाघाच्याच पंक्तीला. देशात लांडगे साधारण ३,१०० असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वाघांची २०२२ची गणना ३,६८२वर गेली. वाघासाठी १९७३पासून व्याघ्र प्रकल्प आहे. लांडग्याच्या नावाने तसा राष्ट्रीय प्रकल्प नाही.

आणि अभयारण्यं काढून त्याचं भागणारही नाही. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी नावाजलेलं आहे, पण ते आहे जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडग्यांच्या एका टोळीला हिंडायला शंभराहून जास्त चौरस किलोमीटर लागतात. म्हणजे लांडगा राहणार तो गायरानात, वनखात्याच्या उघड्या माळावर, ज्वारीच्या रानाच्या कडेला. राहणार तो माणसांतच.

त्या माळाला सरकारी दप्तरात शब्द आहे 'पडीक'. मला या एका शब्दाचा फार राग येतो. पडीक म्हटलं की तिथे काहीतरी करायलाच हवं. मग जेसीबी येतो, चर खोदले जातात, गिरिपुष्पाची रोपं लागतात, तारेचं कुंपण पडतं, चराई बंद होते. पवन्या-मारवेलीचं गवत, त्यातले ससे आणि चिंकारे, ओघळीच्या काठची लांडग्याची बिळं आणि धनगराची वाट, सगळं एकाच अंदाजपत्रकात उखडलं जातं. वर फलक लागतो, हरित महाराष्ट्राचा. मी झाडांच्या विरोधात नाही. पण पाऊसच कमी असलेला हा मुलूख मुळात गवताचा आहे. त्याच्यावर जंगल लादायचं म्हणजे त्याला मारायचं.

उरलेल्या माळाच्या कडेला पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्यांचे ढीग पडतात. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात. त्यांच्याकडून लांडग्यांना रोग लागतात आणि संकरही होतो. पुण्याच्या आसपास असा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालेला आहे. मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकणाऱ्याला दंड करायला कुठल्या नव्या प्रकल्पाची गरज नाही.

लांडगा माणसावर हल्ला करतच नाही, असं मी म्हणणार नाही. २०२४च्या पावसाळ्यात उत्तर प्रदेशातल्या बहराइचमध्ये लहान मुलं गेली. त्या आयांसमोर कुणी संरक्षणाचं प्रवचन देऊ नये. जो प्राणी मुलं उचलतो, त्याला पकडायलाच हवं. पण प्रकरण गोळी घालण्याच्या आदेशापर्यंत पोचलं, आणि भेदरलेल्या गावांत दिसेल तो लांडगा नरभक्षक ठरू लागला. अंगणात झोपणाऱ्या मुलाला दार असलेली खोली आणि वाडीत दिवा मिळणं, हेही वन्यजीव व्यवस्थापनच आहे. बंदूक निघण्याच्या कितीतरी आधी ते व्हायला हवं.

आपल्याकडे लांडगीण साधारण हिवाळ्यात विते. निदान नोव्हेंबर ते फेब्रुवारी वनखात्याच्या माळांवर जेसीबी जाऊ नये, एवढा एक आदेश निघू शकतो. दुसरा आदेश भरपाईचा. वाड्यावरच्या पोरांकडे मोबाइल आहेत. जागेचा आणि पावलांचा फोटो, सोबतच्या दोन मेंढपाळांची साक्ष, आणि पैसे थेट खात्यात, वाडा तोवर कुठेही गेलेला असो. खोट्या तक्रारी येतील, असं एका अधिकाऱ्यांनी मला सांगितलं. येतील थोड्या. त्या तपासता येतात.

मी निघालो तेव्हा आबांची सून वाघूर गुंडाळत होती. दोरीतला लोकरीचा पुंजका तिने काढला, बोटांवर वळला आणि कमरेच्या पिशवीत टाकला. घोड्यांवर बिऱ्हाड चढलं होतं. त्यांच्या पुढच्या वाटेवर वनखात्याचं नवं कुंपण लागणार होतं, म्हणून आबांनी मेंढरं डांबरी रस्त्याने वळवली.