डोहाळे पुरवता, मग श्वास का कोंडता?

सातव्या महिन्यात तिला हिरवी साडी नेसवायची, फुलांची वाडी भरायची, पाच सुवासिनींनी ओटी भरायची. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्याच हाती फुंकणी देऊन तिला पऱ्हाटीच्या धुरात बसवायचे! अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्याच्या खेड्यापाड्यांत हे आजही घडते आणि कोणी त्याला क्रौर्य म्हणत नाही. आम्ही म्हणतो.

शरीरशास्त्र काय सांगते ते कान उघडून ऐका. गर्भ राहिला की रक्तात प्रोजेस्टेरॉन वाढते आणि ते मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चेतवते. श्वासांची संख्या जवळपास तीच राहते, पण एरवी अर्ध्या लिटरचा असणारा श्वास दिवस भरत येतात तसा सुमारे ७०० मिलिलिटरचा होतो. मिनिटाला साडेसात लिटर हवा घेणारी बाई साडेदहा लिटरच्या घरात जाते. म्हणजे त्याच चुलीपुढे, तेवढ्याच वेळात, शेजारी बसलेल्या जावेपेक्षा कितीतरी अधिक धूर तिच्या छातीत उतरतो. वाढते गर्भाशय श्वासपटलाला सुमारे चार सेंटिमीटर वर रेटते. श्वास सोडल्यावर फुफ्फुसांत उरणारी शिल्लक हवा पाचव्या हिश्श्याने घटते. दमेकरी गरोदर बायकांपैकी साधारण एक तृतीयांश जणींचा दमा याच काळात बळावतो. आणि धूर आईपाशी थांबत नाही : बेल्जियमच्या हासेल्ट विद्यापीठातील संशोधकांना २०१९ साली वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडले.

‘घरात गॅस आहे की!’ असे उत्तर ठरलेले. आहे. २०१६च्या उज्ज्वला योजनेने शेगडी घरोघरी नेली. पण पऱ्हाटी फुकट आणि सिलिंडर विकतचे, म्हणून टाकी कोपऱ्यात उभी. त्यातून घरच्या पुरुषांना भाकर चुलीवरचीच गोड लागते! ज्याला ती चव हवी त्याने स्वतः चुलीपुढे बसावे, डोळे चोळावेत आणि मग चवीच्या गोष्टी सांगाव्यात.

कोणी विद्वान २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीकडे बोट दाखवतील. भारतासह (इथे तमिळनाडूत) चार देशांत गरोदर स्त्रियांना गॅस दिला. धुराचा मारा घटला, पण नवजात बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही. हे खरे आहे, आणि ते लपवण्याचे आम्हांला कारण नाही. पण मग काय, आईच्या फुफ्फुसांचा प्रश्न निकाली निघाला? ती फुफ्फुसे तिची आहेत. बाळाचे वजन वाढले तरच तिला स्वच्छ हवा, हा हिशेब मांडणाऱ्यांना ती माणूस वाटते की नुसती कूस?

सरकारची बेफिकिरी याहून मोठी. याच तालुक्यात पारसचे ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र कोळसा जाळते, वीटभट्ट्या धुमसतात, महामार्गावर ट्रकांची रांग तुटत नाही. २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अकोला आणि अमरावती ही शहरे आली. धूर मात्र महापालिकेची हद्द पाहून वाहत नाही. अतिसूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम, ती सर्वांना एकच. जी जवळपास दीडपट हवा ओढते तिचा वेगळा विचार कोणत्याही आकड्यात नाही. आणि २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा? ती कचेरीतल्या बाईला मिळते, भट्टीवर विटा वाहणारीला नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. गरोदरपणाची नोंद झाल्यापासून प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांपर्यंत सिलिंडर मोफत भरून द्या. आशाताईंनी हिमोग्लोबिनसोबत चुलीचीही चौकशी करावी, आणि ती सासऱ्यासमोर, नवऱ्यासमोर करावी. बाळापूर आणि पारस येथील हवा रोज मोजा व आकडे मराठीत चौकात लावा. भट्टीमालकांनी दिवस गेलेल्या मजुरणीला धगीपासून व राखेपासून दूरचे काम द्यावे. जागा बदलली म्हणून तिच्या हजेरीतला एक रुपयाही कापता कामा नये.