तोफांचे नांगर

शाहू छत्रपतींनी गवयांना दिलेला आश्रय करवीरकरांना तोंडपाठ आहे. पहिल्या महायुद्धात बीड मिळेनासे झाले तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी जुन्या तोफा दिल्या व त्या वितळवून नांगर झाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक. लोखंडाने जमीन नासते, असे शेतकरी म्हणत त्या काळी लक्ष्मणरावांनी बेळगावात नांगराचा उद्योग मांडला. १९१० साली औंधकरांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

जाणता ओतारी ओतीव जिन्नस ठोकून कान देतो; तडा असेल तर नाद बद्द येतो. संगीतशिक्षक म्हणून मी या कानाला विद्याच मानतो. मग मुलाला तबल्यावर बसविणाऱ्या आपल्या घरंदाज मंडळींना त्याला भट्टीपाशी पाठविण्यात कमीपणा का वाटावा?