संशोधन परवानगीतच अडकते

शहरी वनांच्या परिस्थितिकीत एम.एस्सी. व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात भरपूर वाव आहे. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेला गिरिपुष्प विरळ केल्यास सालई, मोई यांचे पुनरुद्भवन वाढते का, मिलीबगने ग्रासलेले मुंबईतील वर्षावृक्ष कशाने सावरतात, मियावाकी लागवडीत पाच वर्षांनी कोणत्या प्रजाती तगतात, यांतील एकेक प्रश्न प्रबंधाला पुरेसा आहे. कार्बनच्या हिशेबाचेही तसेच. वनातील झाडांवर बेतलेली समीकरणे रस्त्याकडेच्या, वारंवार छाटलेल्या झाडांना लावली की जैवभार फुगून येतो. बुंध्यापर्यंत काँक्रीट भिडलेल्या झाडाचा घेर १.३७ मीटर उंचीवर टेप धरून मोजता येतो. पण त्याच्या मुळांची आणि छत्राची अवस्था त्या आकड्यातून कळत नाही. स्थानिक समीकरणे अशा झाडांच्या प्रत्यक्ष मोजणीतून उभी राहायची आहेत.

काम अडते ते परवानगीपाशी. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासाठी १९७२च्या वन्यजीव कायद्यातील कलम २८ची वाट तरी ठरलेली आहे. शहरातल्या टेकडीला तशी वाट नाही. पायथा महापालिकेचा, उतार वनखात्याचा, माथ्याचा काही भाग खासगी मालकीचा. एकाच सर्वेक्षण रेषेसाठी तीन अर्ज करावे लागतात. एका कार्यालयाचा शेरा मिळेपर्यंत दुसऱ्याचा अधिकारी बदलतो आणि फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. एम.एस्सी.च्या प्रबंधाला मिळतात जेमतेम दोन सत्रे. पावसाळा हुकला की रोपांची मोजणी वर्षभर पुढे जाते, आणि विद्यार्थी विषय बदलून वनस्पतिसंग्रहालयातल्या नमुन्यांकडे वळतो.

माहितीचीही तीच गत. महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरांत दर पाच वर्षांनी वृक्षगणना बंधनकारक आहे. २०२१च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे, त्यांचे जिओ-टॅगिंग आणि सात वर्षांची जोपासना आवश्यक ठरवली. म्हणजे झाडागणिक नोंद असायला हवी. प्रत्यक्षात विद्यार्थ्याच्या हाती अनेकदा प्रभागवार बेरजेचा तक्ता पडतो. भरपाईची रोपे जगली किती, हे त्यातून कोणालाही तपासता येत नाही. सार्वजनिक पैशातून जमवलेली माहिती संशोधनाला नाकारणे असमर्थनीय आहे.

उपाय अवघड नाहीत. वृक्ष प्राधिकरणांनी गणनेची मूळ नोंद प्रत्येक झाडाच्या स्थाननिर्देशांसह खुली करावी. झाडाला इजा न करणाऱ्या मोजणीसाठी एकच अर्ज आणि तीस दिवसांची मुदत असावी. भरपाई लागवडीतले काही तुकडे विद्यापीठांना कायम निरीक्षणासाठी द्यावेत.

मार्गदर्शकांचीही जबाबदारी आहे. तिसऱ्या सत्रात विषय ठरवून मग अर्ज करण्याची प्रथा बंद झाली पाहिजे. विभागाच्या नावाने बहुवार्षिक परवानगी घ्यावी, कायम चौकटी आखाव्यात आणि प्रत्येक तुकडीने आधीच्या तुकडीची मोजणी पुढे न्यावी. यंदाचे अर्ज पावसाळ्यापूर्वी गेले पाहिजेत. ते विभागप्रमुखांनी आजच काढावेत.