राग नसलेली दया कुणाच्या कामाची?

जुन्या करारातला देव कोपिष्ट आणि नव्या करारातला प्रेमळ, हे या रविवारी पुन्हा ऐकावं लागलं, आणि तेही चर्चमध्ये, उपदेशात. हा दुसऱ्या शतकातल्या मार्सियन या ख्रिस्ती शिकवणाऱ्याचा विचार. रोमच्या मंडळीनं त्याला १४४ साली बाहेर काढलं, त्याची २ लाख सेस्टर्सची देणगीसुद्धा परत केली. तरी त्याची ही वाटणी आपल्याच उपदेशकांच्या तोंडून जात नाही, याचा संताप येतो.

ज्यांना ती पटते त्यांनी दोन गोष्टी लागोपाठ वाचाव्यात. एक योनाचं पुस्तक, जुन्या करारातलं, जेमतेम चार अध्यायांचं. दुसरी मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दयी चाकराचा दाखला.

योना निनवेला जायचं सोडून तार्शीशच्या जहाजात बसतो. का, ते तो शेवटी स्वतःच सांगतो: देव दयाळू आहे, माफ करून टाकील, हे त्याला आधीच ठाऊक होतं. आणि निनवे तर अश्शूरचं शहर, इस्राएलाला भरडून काढणाऱ्यांचं! अखेर निनवेला जावंच लागतं, तेव्हा चाळीस दिवसांत शहर उलथेल असं तो ओरडत फिरतो, राजासकट सगळे गोणपाट नेसून बसतात आणि शहर वाचतं. मग योना बाहेर मांडव घालून रुसून बसतो. सावलीचा वेल किडीनं वाळला म्हणून मरण मागतो. देव त्याची समजूत घालतो: डावं-उजवं न कळणारी १ लाख २० हजारांवर माणसं, शिवाय गुरंढोरं, त्यांची कीव मी करू नये? या कथेत कोपिष्ट आहे तो संदेष्टा.

मत्तयातला दाखला तर खुद्द येशूनं सांगितलेला. राजा चाकराचं १० हजार टॅलंटचं कर्ज सोडून देतो. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, आणि एका टॅलंटचे साधारण ६ हजार दिनार. सात पिढ्या राबल्या तरी न फिटणारं कर्ज. तोच चाकर बाहेर पडतो आणि १०० दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. सोबती पाया पडतो, मघाशी यानं केली तशीच विनवणी करतो. हा त्याला तुरुंगात टाकतो. तेव्हा राजा संतापतो.

हा राग दयेच्या विरुद्ध कुठे आहे? ज्याचा गळा धरला गेला त्याच्या कळवळ्यातूनच तो आला. राजानं हेही हसून सोडून दिलं असतं, तर त्याचा प्रेमळपणा तुरुंगातल्या माणसाच्या काय कामाचा? चौथ्या शतकात लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकानं देवाच्या क्रोधावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्याचा मुद्दा हाच: ज्याला वाईटाचा राग येत नाही त्याला चांगल्याचं प्रेमही नसतं.

म्हणूनच कॅथलिकांच्या १९७१ च्या दैनिक प्रार्थनाग्रंथातून ५८, ८३ आणि १०९ ही शत्रूला शाप देणारी स्तोत्रं वगळली, ही माझी जुनी तक्रार कायम आहे. शापवाणी तोंडी घेणं जड जातं, मान्य. पण ज्यांची लेकरं मारली गेली त्यांनी सूड देवाच्या हवाली करायचा तो कोणत्या शब्दांत? प्रार्थनेतून राग गेला आणि मंडळीतल्या अत्याचारांवर पांघरूण घालणं सोपं झालं, असा माझा संशय आहे. सिद्ध करता येणार नाही, पण जातही नाही.

खरी अडचण दाखल्याच्या शेवटी आहे. सगळं कर्ज फिटेपर्यंत चाकराला छळणाऱ्यांच्या हाती दिलं जातं. ते फिटणार कधी? यावर प्राचीन मंडळीतल्या दोन धर्मपंडितांचं एकमत नाही. ऑगस्टीनच्या मते शिक्षेला अंत नाही. निसाचा ग्रेगरी म्हणतो, शिक्षा शुद्ध करण्यासाठी असते, म्हणून ती कधीतरी संपते. निनवेच्या गुरांपर्यंत ज्याची कीव पोचते तो एका चाकराला कायमचा टाकून देईल हे मला पटत नाही. मी ग्रेगरीच्या बाजूचा. पश्चिमेकडच्या मंडळीनं मात्र बहुतांशी ऑगस्टीनचंच ऐकलं.